भिंतीवरचा ख्रिस्त आणि खाटेवरचा ख्रिस्त

मिशनच्या रुग्णालयात पाऊल टाकले की प्रथम नजरेस पडते ती एखादी पवित्र प्रतिमा. कोठे प्रवेशद्वारी हात पसरून उभा असलेला ख्रिस्त, कोठे अंगणात लुर्द मातेची गुहा, तर कोठे वॉर्डातील खाटांवर टांगलेला लहानसा क्रूस. या प्रतिमा आपल्या इतक्या परिचयाच्या आहेत की त्या तेथे कशासाठी आहेत, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. विचारला जातो तेव्हा तो दोन बाजूंनी विचारला जातो. काहींचे म्हणणे असे की, रुग्णालयात सर्व धर्मांचे लोक येतात, तेव्हा भिंती कोऱ्याच असाव्यात. इतरांचे म्हणणे याच्या उलट : संस्था आपली आहे, ती आपली असल्याचे दुरूनच दिसावे, मूर्ती मोठी हवी, दर्शनी हवी. ही मते परस्परविरोधी असली तरी दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे. ते म्हणजे, प्रतिमा ही मालकीची पाटी होय. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

आज फ्रान्समध्ये असलेल्या आल्सास प्रांतात इझेनहाइम या गावी संत अंतोनींच्या संघाचा मठ व रुग्णालय होते. हे संत अंतोनी पादुआचे नव्हेत, तर ईजिप्तच्या वाळवंटात तपश्चर्या करणारे मठवासी. त्या काळी युरोपात त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा, ‘संत अंतोनींचा अग्नी’ नावाचा एक भयंकर रोग होता. राय या धान्यावर वाढणारी विषारी बुरशी गरिबांच्या पावात जाई. तो पाव खाणाऱ्याच्या अंगाची आग होई, हातपाय काळे पडत आणि पुष्कळदा ते कापून टाकावे लागत. मठवासी अशा रुग्णांना आश्रय देत, चांगला पाव खाऊ घालत, जखमांना मलम लावत. याच मठाने सुमारे १५१२ ते १५१६ या काळात मथियास ग्र्यूनेवाल्ड या चित्रकाराकडून आपल्या वेदीसाठी चित्रफलक रंगवून घेतले.

त्यांतील क्रूसावरचा ख्रिस्त रूढ अर्थाने सुंदर नाही. त्याची कातडी हिरवट पडली आहे, सर्वांगावर व्रण आहेत, हातांची बोटे वेदनेने वाकडी होऊन ताठरली आहेत. या चित्रापुढे येणाऱ्या रुग्णाला मठाचे वैभव दिसत नसे. त्याला स्वतःचेच शरीर दिसे. आपल्याला ज्या देहाची किळस येते, तोच देह प्रभूने पत्करला आहे, हे समजण्यासाठी त्याला अक्षरओळखीचीही गरज नव्हती. वेदीचे फलक उघडले की आत पुनरुत्थित ख्रिस्त प्रकट होई. तो तेजाने न्हाऊन निघालेला, पाच घायांखेरीज अंगावर एकही व्रण नसलेला असे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात हे फलक कोल्मार येथे हलविण्यात आले. आज ते तेथील संग्रहालयात आहेत आणि थोर कलाकृती म्हणून जग ते पाहते. परंतु मूळ प्रेक्षकांमध्ये त्या मठाच्या आश्रयाला आलेले रोगी होते. त्या प्रतिमेने आधी रुग्णाला त्याची ओळख दिली. मठाची ओळख त्यातून आपोआप झाली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचे. जॉन्स हॉपकिन्स या क्वेकर पंथीय व्यापाऱ्याने आपल्या संपत्तीतून विद्यापीठ व रुग्णालय उभारण्याची व्यवस्था केली. १८७३ साली विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी बजावले होते की, गरीब रुग्णांना लिंग, वय वा वर्ण न पाहता घ्यावे. कारभारात धर्मभावना असावी, परंतु कोणत्याही पंथाची सत्ता नसावी. रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले आणि १८९६ मध्ये त्याच्या घुमटाखाली ख्रिस्ताची साडेदहा फूट उंचीची संगमरवरी मूर्ती उभी राहिली. कोपनहेगनच्या महामंदिरातील थोरवाल्डसेन याच्या प्रसिद्ध शिल्पाची ती प्रतिकृती आहे. भागलेल्या, ओझ्याने वाकलेल्या सर्वांना प्रभूने दिलेले निमंत्रण तिच्या खाली कोरलेले आहे. रुग्ण व त्यांचे नातलग तिच्या पायाचा अंगठा चाचपून पुढे जातात, फुले व प्रार्थनेच्या चिठ्ठ्या ठेवतात. पंथाची मालकी नसतानाही ती मूर्ती लोकांची झाली आहे.

परंतु याच रुग्णालयाच्या इतिहासात एक बोचरे पानही आहे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय माता कर्करोगाच्या उपचारासाठी तेथे आली. तिला उपचार मिळाले, हे नमूद केले पाहिजे. मात्र कृष्णवर्णीयांचे वॉर्ड तेव्हा वेगळे होते आणि तिच्या शरीरातील पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी मरण पावली. तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या आणि कुटुंबाला वीसएक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. मूर्तीचे हात सर्वांसाठी उघडे होते. वॉर्डाचे दार मात्र वर्ण पाहून उघडत होते. अशा वेळी मूर्ती खोटी ठरत नाही, संस्था उणी ठरते. ती किती उणी ठरली हे मोजण्याचे माप त्या संस्थेनेच आपल्या घुमटाखाली उभे केलेले असते.

मला वाटते, रुग्णालयातील पवित्र प्रतिमेचा खरा अर्थ येथे आहे. ती पाटी नव्हे, ते वचन आहे. पाटी लावणाऱ्याला काही मिळते. वचन देणाऱ्यावर मात्र ऋण चढते. ज्या संस्थेने दारात हात पसरलेला ख्रिस्त उभा केला, तिच्या अनामत रकमेच्या खिडकीवर, रात्रपाळीच्या परिचारिकेच्या शब्दांत, बेवारस रुग्णाच्या चादरीत त्या हातांचा शोध घेण्याचा हक्क प्रत्येक येणाऱ्याला प्राप्त होतो. तो रुग्ण हिंदू असो, मुसलमान असो, की कोणताच धर्म न मानणारा असो.

भिंती कोऱ्या ठेवा म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, भिंती फार काळ कोऱ्या राहत नाहीत. तेथे दरपत्रके येतात, औषध कंपन्यांची कॅलेंडरे येतात, देणगीदारांच्या नावांच्या फरशा येतात. त्याही काही सांगतच असतात. आणि मूर्ती मोठी करा म्हणणाऱ्यांनी चौथ्या शतकातील संत जॉन ख्रिसोस्तोम यांची शिकवण आठवावी. मंदिरात ख्रिस्ताची वेदी रेशमाने सजवायची आणि दाराबाहेर तोच ख्रिस्त थंडीने कुडकुडत असताना त्याच्याकडे पाठ फिरवायची, हे त्यांना असह्य वाटे. त्यांनी सजावट निषिद्ध मानली नाही. क्रम मात्र सांगितला. आधी भुकेल्याची सेवा, मग वेदीची शोभा.

आजाऱ्याला भेटणे म्हणजे आपल्यालाच भेटणे, असे प्रभूने अंतिम न्यायाच्या दाखल्यात सांगितले आहे. म्हणजे रुग्णालयात ख्रिस्त दोन ठिकाणी असतो, भिंतीवर आणि खाटेवर. भिंतीवरचा आपल्याला खाटेवरच्याकडे पाठवतो. तेवढ्यासाठीच तो तेथे आहे. १९९३ पासून दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे रुग्णालयाच्या गुहेपाशी मेणबत्त्या लावतात. त्या जरूर लावाव्यात. मात्र तत्पूर्वी ज्याच्याकडे भेटीच्या वेळेत कुणीच फिरकत नाही, अशा एखाद्याच्या खाटेपाशी घटकाभर बसावे. त्याचा धर्म विचारू नये. त्याला काय हवे आहे, ते विचारावे.