प्रोग्रामरांचा भरवसा

संगणकाला गिऱ्हाईक मिळते ते बहुधा त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. १९७९ मध्ये आलेला 'व्हिजिकॅल्क' हा आकडेमोडीचा प्रोग्राम सुरुवातीला फक्त ॲपल-२ वर चालत असे, आणि त्याच्यासाठी म्हणून अनेकांनी ते यंत्र घेतले. तो लिहिणारे डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन मात्र ॲपलचे नोकर नव्हते. कंपनीचे नशीब असे बाहेरच्या माणसांच्या हाती असते.

हे आयबीएमने ओळखले. १९८१ मध्ये पीसी आणताना तिने यंत्राची अंतर्गत रचना सांगणारी पुस्तिकाच विक्रीला ठेवली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने उलट दारे लावून घेतली. १९८३ मध्ये तिने आपल्या घरगुती संगणकात असा बदल केला की, बाहेरच्यांनी परवान्याविना बनवलेली अनेक कार्ट्रिजे त्यावर चालेनात. त्याच वर्षी तिने त्या धंद्यातून अंग काढून घेतले. किमतींच्या युद्धाचा मार मोठा होता हे खरे, पण कठीण काळात पाठीशी उभे राहतील असे प्रोग्रामरही तिने जोडले नव्हते.

तरीही माहिती खुली करणे ही पहिली पायरीच. प्रोग्रामरचा खरा प्रश्न असतो, आज लिहिलेले उद्या चालेल का? नेक्स्ट ही कंपनी विकत घेतल्यावर १९९७ मध्ये ॲपलने 'रॅप्सडी' ही नवी प्रणाली पुढे केली. जुने प्रोग्राम तिच्यात एका वेगळ्या कप्प्यात चालणार होते. नव्या सोयी हव्या असतील तर सारे नव्याने लिहायचे. ॲडोबी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या गाठीशी वर्षानुवर्षांचे काम होते आणि ॲपल स्वतः तोट्यात होती. अशा कंपनीसाठी ते सारे पुन्हा लिहायला कोण धजावणार? दोघांनीही ते मनावर घेतले नाही. अखेर १९९८ मध्ये ॲपलने 'कार्बन' जाहीर केले. त्यामुळे जुना प्रोग्राम थोड्या दुरुस्त्या करून नव्या प्रणालीवर नेता येऊ लागला. २००१ मध्ये आलेली मॅक ओएस टेन तगली, त्यात या माघारीचा वाटा फार मोठा आहे.

पुढे २००७ मध्ये ॲपलने ६४-बिट कार्बनचे वचन मोडले. परिणामी ॲडोबीच्या २००८ च्या फोटोशॉपची ६४-बिट आवृत्ती फक्त विंडोजला मिळाली आणि मॅकवाल्यांना २०१० पर्यंत थांबावे लागले. एवढे होऊनही प्रोग्रामर पांगले नाहीत, कारण तोवर आयफोनचे अफाट गिऱ्हाईक समोर आले होते. २००८ मध्ये उघडलेल्या ॲप स्टोअरचे ३० टक्के कमिशन त्यांनी याच गिऱ्हाइकासाठी सोसले. याला निष्ठा म्हणता येणार नाही. ही बाजारपेठेची सक्ती आहे, आणि दोन्हींतला फरक संघर्षाच्या वेळी उघडा पडतो. ऑगस्ट २०२० मध्ये एपिक गेम्सने आपल्या 'फोर्टनाइट' या खेळात ॲपलला वगळून पैसे भरण्याची सोय केली. ॲपलने तो खेळ ॲप स्टोअरमधून काढून टाकला आणि एपिकने त्याच दिवशी न्यायालयात दावा दाखल केला.