पुजलेला बैल विकावा का?

खानदेशात शेतीचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. सालदाराची, म्हणजे वर्षाच्या गड्याची, बोली त्याच दिवशी ठरते आणि पुढच्या आखाजीपर्यंत चालते. धरणगाव तालुक्यातल्या काळ्या जमिनीवर कपाशी आणि ज्वारी घेणाऱ्या एखाद्या नवरा-बायकोने ठरवलं की हे साल आपल्या बैलजोडीचं शेवटचं, पुढच्या आखाजीच्या आत ती विकायची, तर त्या निर्णयाची कारणं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, पेरणीही बऱ्याच ठिकाणी गेली. बैलांकडे उरली ती कोळपणी आणि थोडी वाहतूक. कामाचे दिवस कमी झाले तरी चारा मात्र तीनशे पासष्ट दिवस लागतो. हा हिशेब बरोबर आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाद आहे तो धर्माचा. पोळ्याला, श्रावण अमावास्येला, ज्याचे पाय धुतले, ज्याला ओवाळून पुरणपोळीचा घास भरवला, त्याच्या तोंडात व्यापाऱ्याने बोटं घालून दात मोजावेत, हे त्या पूजेला धरून आहे का? माझं उत्तर असं की विकण्यात पाप नाही, पण विकल्याने मालकी संपते, ऋण संपत नाही. त्यामुळे या जोडप्याचं शेवटचं साल म्हणजे निरोपाच्या हळहळीपेक्षा फेडीचा काळ आहे, आणि तो कसा घालवला यावर त्यांच्या पोळ्याचा खरेपणा ठरतो.

पोळ्याच्या बरोबर एक पंधरवडा आधी, नारळी पौर्णिमेला, कोकणात कोळी कुटुंबं समुद्राला नारळ अर्पण करतात, होडी रंगवून-सजवून तिची पूजा करतात. एकाच श्रावणात किनाऱ्यावर होडी पुजली जाते आणि देशावर बैल. ज्याच्या जिवावर पोट चालतं त्यापुढे हात जोडण्याची ही एकच रीत आहे. होडीही म्हातारी होते, मुलं दुसऱ्या धंद्याला लागतात, आणि शेवटचा हंगाम करून ती विकावी लागते. त्यात कुणाला अधर्म दिसत नाही, आणि दिसण्याचं कारणही नाही. पूजा आणि वियोग यांचं आपल्याकडे वैर नाही. ज्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा केली तिची उत्तरपूजा करून ती पाण्यात सोडायची, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. म्हणजे 'जे पुजलं ते सोडायचं नाही' असा नियम आपल्या धर्मात नाहीच. पण हा युक्तिवाद होडीपाशी संपतो. विकलेल्या होडीला भूक लागत नाही. नव्या मालकाने तिला किनाऱ्यावर कुजू दिलं तर वाईट वाटेल, पण होडीला काही सोसावं लागणार नाही. बैलाचं सोसणं मात्र आपण दावं दुसऱ्याच्या हाती दिल्यावरही चालूच राहतं. रोमचा केटो हा फरक पाहायला तयार नव्हता. शेतीवरच्या त्याच्या ग्रंथात मालकाने काय काय विकून टाकावं याची यादी आहे, आणि तिच्यात म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनी अवजारं आणि म्हातारा गुलाम हे सगळे एका ओळीत येतात. पुढे ग्रीक लेखक प्लुटार्कने त्याचं चरित्र लिहिताना या वृत्तीवर कठोर टीका केली. आपल्यासाठी राबलेला बैल केवळ म्हातारा झाला म्हणून आपण विकणार नाही, असं त्याने सांगितलं.

जिवंत आणि निर्जीव यांच्यातला हा फरक आपल्या परंपरेने महाभारताच्या शेवटाकडे मांडला आहे. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडले, युधिष्ठिर त्यांना मागे ठेवून पुढे गेला. पण सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला मात्र तो नकार देतो. इंद्राचा आक्षेप रास्त आहे: बायको आणि भाऊ सोडलेस, मग कुत्र्यासाठी हट्ट का? युधिष्ठिराचं उत्तर त्याहून काटेकोर आहे. ते मेले होते, त्यांना जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून सोडले. जिवंत असताना सोडले नाहीत. जो आपल्या भरवशावर आला त्या जिवंताला टाकणं तो महापातकांच्या बरोबरीचं मानतो. इथे कुत्र्यावरच्या मायेची फारशी चर्चा नाही. चर्चा आहे भरवशाची. बैलाला हेच जसंच्या तसं लागू होतं. वासरू असताना त्याचं खच्चीकरण आपण केलं, वेसण आपण घातली, मानेवर जू आपण ठेवलं. त्याला स्वतःच्या बळावर जगता येऊ नये अशी व्यवस्था आपणच केली. भरवसा त्याने मागितला नव्हता, आपण त्याच्यावर लादला.

पोळ्याचा विधी नीट पाहिला तर तोही हेच सांगतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जुवाने घासलेल्या, घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा तेल चोळलं जातं. झूल, बाशिंग, शिंगांचा रंग हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. आधी मान मिळतो तो झिजलेल्या खांद्याला. बैल देव आहे म्हणून ही पूजा होत असती तर तिची सुरुवात कपाळापासून झाली असती. ती खांद्यापासून होते, कारण शेतकऱ्याचं देणं तिथे साठलेलं आहे. धरणगावापासून फार लांब नसलेल्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी पोळ्यावर कविता केली, तेव्हा त्यांनीही शेतकऱ्यावरच्या बैलाच्या ऋणाचीच आठवण दिली. वैदिक परंपरेने गृहस्थाच्या रोजच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांचा वाटा, ठेवला, तो याच देण्यासाठी. जैन आचार तर आणखी नेमका आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे अतिचार, म्हणजे व्रतात येणारे दोष, सांगितले आहेत ते असे: बांधणं, मारणं, अंग छेदणं, अतिभार लादणं, अन्नपाणी तोडणं. ही यादी जणू गोठ्यात उभं राहूनच केलेली आहे, आणि विकणं तिच्यात नाही. म्हणून विक्रीला पाप म्हणायला मी तयार नाही. पण शेवटच्या सालात 'आता विकायचाच आहे' म्हणून ढेप बंद करणं, जास्तीचं भाडं मारणं, दुखऱ्या खुराकडे दुर्लक्ष करणं, हे सगळं त्या यादीच्या आशयात बसतं.

यावर एक आक्षेप वेदान्ताच्या अंगाने येतो. शेजारच्या अमळनेरात 1916 साली उद्योजक प्रताप शेठजींनी वेदान्ताच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, तेव्हा हा आक्षेप खानदेशाला परका नाही. ममत्व हेच बंधन. जे आपलं कधी नव्हतंच ते गेलं तर शोक कसला? जोडी विकावी आणि मन मोकळं करावं. पण गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सुरू होतात तिथे, एकाच श्लोकात, मैत्री आणि करुणा आधी येतात, निर्ममता नंतर. 'माझं' ही भावना सुटली की करुणाही सुटते, असं तो श्लोक म्हणत नाही. उलट, बैल माझा नाही हे खरं पटलं तर त्याचं पुढे काय होईल हा प्रश्न अधिक तीव्र व्हायला हवा, कारण मग त्याचं सुख माझ्या व्यवहाराचा भाग उरत नाही. अनासक्ती आणि बेफिकिरी बाहेरून सारख्या दिसतात. विकत घेणारा कोण आहे, याची चौकशी विकणाऱ्याने केली की नाही, एवढ्यावरून त्या वेगळ्या ओळखता येतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो गरिबीचा आहे. प्लुटार्ककडे जमीन होती, बैल आयुष्यभर पोसणं त्याला परवडत असेल. पावसावर अवलंबून असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला चाऱ्याच्या टंचाईत हे सांगणं म्हणजे पोटभरल्या माणसाचा उपदेश. मला हा आक्षेप मान्य आहे. ऐपतीपलीकडचं कर्तव्य कुणावर लादता येत नाही. पण त्यातून कर्तव्य नाहीसं होत नाही, लहान होतं, आणि लहान कर्तव्य पुष्कळ नेमकं असतं. जोडी कामाची आहे तोवर विकावी, म्हणजे घेणारा तिला जुंपेल आणि जुंपेल म्हणून खाऊ घालेल. अंगातली शेवटची ताकद काढून घेऊन मग दावं सोडणं हा खरा कृतघ्नपणा. तेव्हा निर्णय लांबवणाऱ्यापेक्षा एक साल आधी विकणारा बैलाचा अधिक विचार करतो, असं मला वाटतं. जोडी फोडू नये, बरोबर चालायची सवय असलेले दोन बैल एकाच दावणीला जावेत. दोन पैसे कमी मिळाले तरी गाव-शिवारातला ओळखीचा शेतकरी पाहावा. आणि घरच्या बाईला विचारल्याशिवाय सौदा करू नये. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात ते पुरुष. पण वर्षभर पाणी, वैरण आणि शेणघाण बहुतेक घरांत तिच्याकडे असते, आणि पोळ्याला दारात ओवाळतेही तीच. ऋण दोघांचं असताना सौदा एकट्याने करणं अन्यायाचं आहे.

तरीही काही बैल असे उरतात की त्यांना घेणारा कुणी नाही. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. 1976 च्या कायद्यात ही दुरुस्ती विधिमंडळाने 1995 मध्येच केली होती, राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी मिळाली. म्हाताऱ्या बैलाला बाजारात जी थोडीफार किंमत होती ती त्यानंतर जवळपास गेली. बंदी बरोबर की चूक हा इथला विषय नाही. समाजाने कायदा करून सांगितलं की हा जीव मारायचा नाही, तर तो जगवण्याचा खर्च समाजाचाही झाला, एवढंच मला म्हणायचं आहे. 30 सप्टेंबर 2024 ला राज्याने गोशाळांतल्या देशी गायींसाठी प्रत्येकी रोज 50 रुपयांचं अनुदान मंजूर केलं. शेतकऱ्याच्या स्वतःच्या गोठ्यात उभ्या असलेल्या, काम संपलेल्या बैलाला त्यातलं काही मिळत नाही. ज्या घराने तो दहा-बारा वर्षं राबवला आणि पुजला, त्याच घरात त्याला मरेपर्यंत ठेवण्याची तयारी असलेल्या जोडप्यालाही तेच 50 रुपये द्यावेत, आणि हा आग्रह दरवर्षी पोळ्याच्या मिरवणुकीला फुलं वाहणाऱ्या आपण सगळ्यांनी धरावा.