परवानगी आधी, खुर्ची नंतर

नागपूर

चि. मृणाल हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात धूळ खात पडलेली वेताची खुर्ची खोलीवर न्यावी का, असं तू विचारतेस. मैत्रिणी म्हणतात, भंगारच आहे, कुणाला पत्ता लागणार नाही. नेण्याआधी विचारलंस, हे फार चांगलं केलंस. कायदा शिकते आहेस, म्हणून उत्तरही कायद्याच्या अंगानं देतो.

तुझं कॉलेज चंदीगडचं, आणि तिथं हा प्रश्न साधा नाही. शहराचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याचा चुलतभाऊ पिएर जानरे यानं तिथल्या कचेऱ्या आणि महाविद्यालयांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या. पुढे त्यांतल्या कित्येक भंगार म्हणून लिलावात गेल्या आणि परदेशात लाखो रुपयांना विकल्या गेल्या. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला ही विक्री थांबवावी लागली. लिलावात ज्यानं खुर्ची घेतली तो चोर नव्हे, कारण मालकानंच ती विकली होती. तीच खुर्ची कुणी रात्री उचलून नेली, तर ती चोरी. खुर्ची तीच, फरक संमतीचा.

भारतीय न्याय संहितेचं कलम 303 हेच सांगतं. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतूनं नेण्यासाठी हलवली की चोरी झाली. वस्तू मोडकी असली तरी ताबा सुटत नाही. अप्रामाणिकपणा म्हणजे कुणाचा गैरलाभ किंवा कुणाची गैरहानी करण्याचा इरादा.

‘परत आणून ठेवीन’ ही सबबही चालत नाही. अलवरच्या एका सरकारी अधीक्षकानं 1948 मध्ये कचेरीतली फाइल घरी नेली, मित्राला तिच्यातले कागद बदलू दिले आणि लगेच परत ठेवली. प्यारेलाल भार्गव खटल्यात 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की तात्पुरतं नेणंही चोरीच. इंग्लंडच्या 1968 च्या चोरी कायद्यात मात्र वस्तूला मालक कायमचा मुकावा असा हेतू लागतो. आपला कायदा याबाबत अधिक कडक आहे.

अप्रामाणिकपणा कुणाच्या मापानं मोजायचा, यावर इंग्लंडच्या न्यायालयांनी बराच काथ्याकूट केला. 1982 च्या घोष खटल्यात दुहेरी कसोटी आली. प्रामाणिक माणसांच्या दृष्टीनं कृत्य अप्रामाणिक हवं आणि ते तसं ठरेल याची आरोपीला जाणीवही हवी. यामुळे ज्याची नीतीच वाकडी, त्याला सुटायला वाट मिळे. 2017 मध्ये फिल आयव्ही या जुगाऱ्याचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात आला. पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक हेरून तो लंडनच्या कॅसिनोत सुमारे 77 लाख पौंड जिंकला होता. आपण काही गैर केलं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. तरी न्यायालयानं त्याला पैसे मिळू दिले नाहीत. आधी माणसाला वस्तुस्थिती काय वाटत होती ते पाहायचं, मग सामान्य प्रामाणिक माणसाच्या मापानं कृत्य जोखायचं, असं न्यायाधीशांनी सांगितलं. 2020 मध्ये बार्टन खटल्यात तीच कसोटी फौजदारी खटल्यांनाही लागू झाली.

यातला भेद पक्का ध्यानात ठेव. परवानगी आहे असं खरोखर वाटणं निराळं, आणि परवानगीविना घेतलं तरी चालतं असं वाटणं निराळं. पहिलं तुला वाचवू शकतं. जुन्या दंडसंहितेतल्या एका उदाहरणात एक जण मित्राच्या गैरहजेरीत त्याच्या ग्रंथालयातून वाचायला पुस्तक नेतो. मित्राची मूक संमती आहे असं त्याला वाटलेलं असू शकतं, म्हणून ती चोरी नव्हे. दुसरं मात्र तुला वाचवणार नाही. ‘सगळेच नेतात’ हा बचाव नव्हे.

तुला ती खुर्ची आपली नाही हे ठाऊक आहे आणि कुणी परवानगी दिलेली नाही हेही. मग उद्याच प्राचार्यांना लेखी अर्ज कर. वारशाची वस्तू असेल तर तिची नोंद व्हावी, असंही त्यात लिही. परवानगी मिळाली नाही तर खुर्ची जागची हलवू नकोस. उद्या कोर्टात दुसऱ्यांच्या हेतूची उलटतपासणी घेशील, तेव्हा स्वतःच्या हेतूची तपासणी आधी केलेली असू दे.

तुझा,
मामा