तुला काय वाटतं?

काल संध्याकाळी शेजारच्या काका-काकूंकडे डोकावलो. मे महिन्याच्या सहलीचा बेत चालला होता. आधी आंबोलीचा डोंगर. मग घाट उतरून, सावंतवाडीवरून मालवणचा किनारा. आणि होडीतून सिंधुदुर्ग किल्ला. काकांनी वहीत सगळं आखलेलं. चहा कुठे घ्यायचा, तेसुद्धा! वही पुढे सरकवत म्हणाले, "बघ, झालं." काकू गवार निवडत होत्या. एका शेंगेची शीर ओढत म्हणाल्या, "छान आहे."

त्या 'छान आहे'मध्ये किती काही गिळलेलं असतं, नाही का?

आपणही असंच करतो. आपल्या माणसासाठी राबतो, अगदी मनापासून. फक्त विचारायचं राहतं, तुला काय वाटतं? आणि विचारलं, तरी उत्तरासाठी थांबतो कोण?

काका मात्र थांबले. "तुला काय वाटतं?"

गवार तशीच राहिली. "मला होडीची भीती वाटते. पण किल्ल्यातल्या त्या विहिरी बघायच्यात." चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावंसुद्धा गोड!

मग वहीत खाडाखोड झाली. होडी सकाळच्या शांत पाण्यात ठरली. आंबोलीतला एक दिवस कोराच राहिला. काकूंना नुसतं धुकं बघत बसायचंय.

मंडळी, आत्ता तुमच्याकडेही चहा उकळत असेल. समोर कुणी बसलं असेल. विचारून बघा, तुला काय वाटतं? उत्तर येईपर्यंत चहा निवला, तर निवू द्या.