संबळाची खुर्ची

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूरच्या केळीबागा मागे पडतात आणि डोंगरकडा लागतं. कळमनुरी तालुक्यातलं हे गाव. एका बाजूला नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा, दुसऱ्या बाजूला हिंगोलीपलीकडे नर्सी, वारकरी ज्याला नामदेवांचं जन्मगाव मानतात ते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. गौडी, आसा, सोरठ, धनाश्री, मल्हार, प्रभाती अशा १८ रागांखाली ती मांडली आहेत. एकाच संताची वाणी नांदेडला रागी जथ्यांच्या कीर्तनात ऐकू येते आणि नर्सीला टाळ-मृदंगाच्या गजरात. याच मुलखात माहूरच्या रेणुकेचा गोंधळ आहे, बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गाणी आहेत, शेकोटीवर शेकून ताणलेली हलगी आहे.

अशा सहवासाला आता नाव मिळालं आहे: ‘विविध सांस्कृतिक मुळांचा उत्सव’. हे शब्द आज जगभरच्या वाद्यवृंदांच्या पत्रिकांवर दिसतात. पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणारे संच आपल्या वार्षिक मैफिलींच्या हंगामात सतार, तबला, आफ्रिकी ढोल, चिनी पिपा यांना जागा देऊ लागले आहेत. चेलोवादक यो-यो मा यांनी १९९८ मध्ये सिल्क रोडचा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून या वाटेला चांगलीच प्रतिष्ठा मिळाली. ही गोष्ट आनंदाचीच आहे. पण मुळं मंचावर आणली म्हणजे त्या मुळांना काय मिळालं, हा प्रश्न विचारायलाच हवा. नेमकं काय मिळायला हवं, याची उत्तरं शोधायला लंडन-न्यूयॉर्कला जावं लागत नाही.

पहिलं उत्तर मुंबईचं. एप्रिल १९५८. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात ११० वादकांचा ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ बसला होता. गायकांत लता मंगेशकर आणि मन्ना डे. रचना होत्या दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्या. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या चर्चशाळांत पोरांना सुरांचं लेखन-वाचन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. त्या शिक्षणावर गोव्याचे शेकडो वादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ त्यांनी उभा केला. गोन्साल्विस त्यांतले अव्वल. पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. दिवसभर स्टुडिओत व्हायोलिन वाजवणाऱ्या या माणसाला राग मनापासून आवडले होते. सारंगसारखा राग स्वरसंवादाच्या, म्हणजे हार्मनीच्या, रचनेत कसा नांदवता येईल, याचा त्यांनी ध्यास घेतला. गोव्याच्या चर्चसंगीताचा वारसा आणि हिंदुस्थानी राग ही दोन्ही मुळं त्यांच्या अंगात होती. ती पाहुणी म्हणून बोलावलेली नव्हती.

तो वाद्यवृंद फार काळ टिकला नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, पुढे माजोर्ड्याला परतले आणि २०१२ मध्ये वारले. लोकांच्या ओठांवर त्यांचं नाव राहिलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे, प्यारेलालनी गुरूचं नाव तिथं गुंफलं होतं. एक संध्याकाळ एकट्या माणसाच्या जिद्दीवर उभी राहते. हंगामाला मात्र दरवर्षी पगार देणारी, तालमीला जागा देणारी संस्था लागते. तशी संस्था त्यांच्यामागे उभी राहिली असती, तर आपल्या वाद्यसंगीताचा इतिहास वेगळा झाला असता असं ठामपणे वाटतं.

दुसरं उत्तर माळव्यातल्या देवासचं आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन १९४८ मध्ये तिथं राहायला गेले. काही वर्षं गाणं बंद होतं, आणि त्या काळात माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली. बरं झाल्यावर त्यांनी ती गोळा केली, तपासली, त्यांच्या धुनांतून नवे राग काढले. त्यांना त्यांनी नावच दिलं ‘धुनउगम राग’. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’मध्ये ते छापून आले. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ या त्यांच्या ऋतूंच्या मैफिली तर खऱ्या अर्थानं हंगामाच्या मैफिली होत्या. लोकधून ही रागाची कच्ची आवृत्ती, हा समज त्यांनी मोडला. राग धुनेच्या पोटी जन्मतो हे गाऊन दाखवलं. त्याला वर्षं लागली. चार दिवसांच्या तालमीत लोककलावंताला वाद्यवृंदापुढे उभं करणाऱ्या संयोजकांनी हा काळाचा हिशेब लक्षात ठेवावा.

आता मुंबईचा आजचा वाद्यवृंद. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेन्गालियेव यांनी २००६ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये (एनसीपीए) ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू केला. त्याच्या हंगामांसाठी पुष्कळ वादक परदेशांतून येतात. याच संस्थेनं झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ ही रचना करून घेतली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ती प्रथम सादर केली. इथली महत्त्वाची गोष्ट ही की झाकीरभाई केवळ वादक म्हणून आले नव्हते. रचना त्यांची होती. पेशकार म्हणजे तबल्याच्या एकलवादनाची सुरुवात, एक बोल घेऊन सावकाश फुलवत जाण्याची रीत; वाद्यवृंदातल्या वादकांनी काय करायचं ते त्या रीतीनं ठरवलं. तबला सजावटीला नव्हता, सांगाडाच त्याचा होता.

मग संबळानं हे का मागू नये? दोन ढोलक्या एकत्र बांधून कमरेला लावायच्या, एक काठी आकड्यासारखी वाकडी. सोबत एका तारेचं तुणतुणं. रेणुराई आणि कदमराई गोंधळ्यांकडे हे पिढ्यान्‌पिढ्या आहे. वाद्यवृंद ओबोच्या एका ठरलेल्या स्वरावर जुळतो. गोंधळ्याचा षड्ज त्याच्या गळ्यावर ठरतो. दोघं एकत्र आले तर सूर कोणी सरकवायचा? तालमीच्या पहिल्या पाच मिनिटांत हे ठरतं, आणि यजमान कोण, आश्रित कोण, हेही तिथंच कळतं.

‘यांना लिहिलेलं संगीत वाचता येत नाही’ ही अडचण नेहमी सांगितली जाते. ती खरी नाही. १९१८ च्या साथीत पोरकी झालेली मुलं हाताशी धरून उस्ताद अल्लाउद्दीन खाँनी मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग केलं, व्हायोलिन आणि चेलो सतारीशेजारी बसवले, आणि सगळं तोंडी शिकवलं. शंभराहून अधिक वर्षं तो बँड वाजतो आहे. पाठ करून वाजवणाऱ्यांचा वाद्यवृंद होऊ शकतो. फक्त शिकवणाऱ्याला सवड हवी, आणि शिकणाऱ्यांत व्हायोलिनवाल्यांचाही समावेश हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गोंधळ हा विधी आहे, शबद कीर्तन ही उपासना आहे. ती तिकिटाच्या खुर्च्यांपुढे नेणं योग्य आहे का? याचं उत्तर संयोजकानं देऊच नये. काय मंचावर येईल आणि काय देव्हाऱ्यापुढेच राहील, हे गोंधळी, रागी आणि तांड्यावरच्या बायका ठरवतील. त्यांनी नकार दिला तर कार्यक्रमपत्रिकेतली ती जागा रिकामी ठेवावी.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद कुठली, हे आता पिशवीवर लिहिता येईल. धून कुठली, कोणाच्या घरातून आली, हे मात्र क्वचितच लिहिलं जातं. मानधनाचंही तसंच: मुख्य वादकाला एक दर, ‘सहभागी लोककलावंता’ला दुसरा. हा भेद अन्यायाचा आहे आणि तो हंगाम जाहीर होण्याआधी संपला पाहिजे.

म्हणून ज्या संस्थांना विविध मुळांचा हंगाम करायचा आहे, त्यांना एक विनंती. पहिली मैफल मुंबईला ठेवू नका. हळद शिजवून, वाळवून बाजारात गेली की एप्रिलमध्ये डोंगरकड्याला संध्याकाळी माणसांना सवड असते. तिथं महिनाभर आधी या. तुमचे व्हायोलिनवादक संबळवाल्यासमोर बसवा, नामदेवांचं एक पद नांदेडच्या चालीनं आणि नर्सीच्या चालीनं शिका, आणि पत्रिकेवर रचनाकार म्हणून गोंधळ्याचं नाव तुमच्या संचालकाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.