बाप्तिस्म्याची किंमत

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला तडवी भिल्लांची गावं आहेत. धर्म मुसलमान, दाखला अनुसूचित जमातीचा. पलीकडच्या पाड्यावरच्या पावऱ्याने उद्या बाप्तिस्मा घेतला, तरी त्याचाही दाखला शाबूत राहील. जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. त्याच तालुक्यातला मातंग मात्र त्याच पाण्यात उतरला, की १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो अनुसूचित जातीचा राहत नाही. शिखांना त्या आदेशात १९५६ साली जागा मिळाली, बौद्धांना १९९० साली. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला, तेव्हा तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही पुराव्यात होती.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं म्हटलं आहे. जुना माणूस पाण्यात गाडायचा आणि नवा वर यायचा. आपल्याकडे त्या गाडण्याचा दर तहसील कचेरीत ठरतो. त्यामुळे उपासनेला नेमाने येणारा, घरी प्रार्थना करणारा, पण बाप्तिस्म्याचं नाव निघालं की गप्प होणारा माणूस कुठल्याही मंडळीला अपरिचित नाही. त्याला ढोंगी ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. मुलीची शिष्यवृत्ती बुडवून निष्ठा सिद्ध कर, असं म्हणण्याचा अधिकार सरकारला कुणी दिला?

किंमत पूर्वीही होतीच. तेव्हा ती घर आणि जात वसूल करत असे. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला होता; त्याला न्यायालयाने आईबापांच्या हवाली केलं आणि त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना ब्रह्मवृंदाशी झगडावं लागलं. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये, हे कायद्याने मान्य व्हायला १८५० उजाडलं.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना ध्यानात येतं की त्यांचं खरं परिवर्तन आधीच झालं होतं. जाती माणसांनी केल्या, असं एके दिवशी मनाने घेतलं आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. सोवळ्यात वाढलेल्या बाईसाठी एवढी उडी पुरेशी होती. विधीने तिच्यावर शिक्का मारला, इतकंच.

टिळकांनाही शेवटी हेच दिसलं असावं. १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांना जागा होती. (धरणगावचे त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, नगरला त्यांच्या घरी राहिले ते हिंदू म्हणूनच.) मिशनच्या लोकांना हा दरबार खटकला, आणि त्यांची शंका पोकळ नव्हती. चारचौघांत उभं राहून 'हो' म्हणायचं नसेल, तर निष्ठेचा साक्षीदार कोण? मनातल्या मनात केलेला करार मनातल्या मनात मोडताही येतो. मला टिळकांचं धाडस आवडतं, तरी या प्रश्नाला दरबाराने उत्तर दिलं असं वाटत नाही. ९ मे १९१९ला ते गेलेच.

तान्ह्याला बाप्तिस्मा द्यावा की जाणत्यालाच, हा वादही मुळात याच साक्षीचा. त्यापायी १५२७ साली झुरिकमध्ये जाणत्याच्याच बाप्तिस्म्याचा आग्रह धरणाऱ्या फेलिक्स मांझला नदीत बुडवून मारलं. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, तेव्हा मात्र दोन्ही पद्धती एकाच छपराखाली मान्य झाल्या. लहानपणी डोक्यावर पाणी पडलेल्या मुलाने मोठेपणी मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा. 'हो' कधी म्हणायचं यात अशी सवलत चर्चला देता आली. ते म्हटल्यावर मातंगाच्या खिशातून काय जाईल, हे ठरवणं चर्चच्या हाती नाही. ते दिल्लीच्या हाती आहे, १९५०पासून.