न कळणारे दुःख

वाशिम जिल्ह्यातील शेलूबाजार येथील एक शेतकरी कुटुंब कल्पावे. थोरली मुलगी आठ वर्षांची, धाकटा मुलगा चार वर्षांचा. त्याला जन्मतः डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे पेशींत 21 व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आहेत, आणि आता त्याला तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवणारा रक्ताचा कर्करोग झाला आहे. अशा मुलांत हा आजार इतरांपेक्षा दहा ते वीस पट अधिक आढळतो. उपचार दोन-अडीच वर्षे चालतात आणि त्यांतून अनेक मुले बरी होतात.

"सूनबाई," सासरे म्हणतात, "पाठीच्या मणक्यात सुई कशासाठी टोचतात हे थोरलीला समजावता आले असते; याला एवढेच कळेल की आईनेच घट्ट धरून ठेवले. न कळणारे दुःख लेकरावर लादावे का?"

"मामाजी, सहा महिन्यांच्या बाळालाही सुई कळत नाही, त्याच्याविषयी हा प्रश्न कुणी विचारला असता का?"

सासरे मग शरीराकडे वळतात, आणि तेथे त्यांचे म्हणणे वजनदार आहे. पेशींची वाढ रोखणारे मेथोट्रेक्सेट हे औषध या मुलांना अधिक बाधते, तोंड सोलवटते, जंतुसंसर्गाने दगावण्याचा धोकाही वाढतो. सून हे नाकारत नाही. मात्र तिच्या मते हा प्रश्न औषधाच्या मात्रेचा आणि दक्षतेचा आहे, मुलाच्या जगण्याच्या मोलाचा नाही, आणि कळवळ्याच्या भाषेत हे दोन्ही प्रश्न नकळत एक होतात, हीच तिची खरी भीती आहे.

उरते थोरली. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग खुला झाल्यापासून नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय जवळ आले, तरी उपचारांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला घेऊन वारंवार ये-जा करता येत नाही. आई तिकडे अडकणार, बाप सोयाबीनच्या सोंगणीत, आणि मुलगी घरी आईविना.

"तिचे नुकसान खरे आहे," सून म्हणते, "पण ते त्याच्या नावावर लिहू नका."

"कुणाच्याही नावावर लिहीत नाही. पण ज्याला समजते त्याला समजावून सांगावे, एवढे तरी मान्य आहे ना? मग आठ वर्षांच्या त्या पोरीला अजून कुणी काही सांगितलेले नाही."

सून बराच वेळ बोलत नाही. मग म्हणते, "बोलवा तिला."